चौथऱ्यावरची गंगा

मारुतीसमोरच्या चौथऱ्याचं काँक्रीट ओतून तासभर झाला असेल, तोच त्यावर पाणी आलं. पाऊस नाही, नळ नाही, खाली कोरडा मुरूम. चकलांब्याजवळच्या आमच्या वस्तीला टँकरशिवाय पाणी माहीत नाही, म्हणून लोकांनी आधी घागरी आणल्या आणि मग हात जोडले.

मारुतीच्या देवळातल्या बजरंग महाराजांनी हा क्रम सुधारला. ही गंगा आहे, ती वाटीनंच घ्यायची आणि डोळ्यांच्या रोगावर ती अक्सीर आहे, असं त्यांनी जाहीर केलं. गंगेला गेवराई तालुका कसा सापडला, हे कोणी विचारलं नाही.

केशरबाईंचं दुसऱ्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ते रद्द करून त्या वाटी घेऊन बसल्या. त्यांची सून सत्यशीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ती धावत आली.

"आत्या, थांबा. डोळा भाजंल."

"कावून? देवाचं पाणी हाय."

महाराज हसले. "पोरी, मागल्या साली सभामंडप केलता. तवा आलतं का पाणी?"

प्रश्न रास्त होता. सत्यशीलाच्या घरी न्हाणीचं काम चालू होतं आणि तिथं सभामंडपाला वापरलेल्याच कंपनीचं सिमेंट होतं; चौथऱ्याला यंदा दुसऱ्या कंपनीचं आलं होतं. तिनं दोन बादल्यांत दोन्ही सिमेंटचं काँक्रीट कालवलं. वाळू, खडी, पाणी सारखंच. तासाभरानं चौथऱ्याच्या सिमेंटच्या बादलीत वर पाणी साचलं. दुसरीत नुसता ओलावा.

तिनं सांगितलं, की जड कण खाली बसतात आणि पाणी वर येतं. बारीक दळलेलं सिमेंट पाणी धरून ठेवतं. यंदाचं जाडं दळलेलं आहे, शिवाय लवकर घट्ट करणारा घटक त्यात कमी आहे. म्हणून पाण्याला वर यायला सवड मिळते. मग तिनं चौथऱ्यावरच्या पाण्याच्या वाटीत हळद टाकली. ती लाल झाली. महाराजांनी लगेच देवीचं कुंकू जाहीर केलं.

"चुन्यात हळद टाकली की असंच होतं," केशरबाई सावकाश म्हणाल्या. हळद-चुन्याचं कुंकू त्या घरीच करत. "ह्यात चुना हाय. महाराज, आधी तुमच्या डोळ्यात घाला."

महाराजांनी वाटीला नमस्कार केला आणि ती लांब ठेवली. महाराज होण्याआधी ते पुण्यात स्लॅब भरायच्या कामावर होते. या पाण्यानं हात कसे फुटतात, हे त्यांना पाठ होतं.

वाट्यांची रांग मोडली. केशरबाईंनी पदराला हात पुसले आणि सकाळची गाडी किती वाजता आहे, ते सुनेला विचारलं.

लोकहो, चमत्कार दिसला की नमस्कार जरूर करा. पण तो डोळ्यात घालण्याआधी, करणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यात घालायला सांगा.