जिन्यातलं यंत्र

चष्मेवाल्या काकू तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. दोन खोल्या होत्या. एकीत काकूंचा आणि काकांचा संसार आणि दुसरीत काच घासायचं यंत्र. ओतीव लोखंडाचं, दोन माणसांच्या वजनाला भारी. आसपासच्या चष्म्याच्या दुकानांच्या काचा त्यावरच तयार व्हायच्या. घरमालकाने पुन्हा भाडं वाढवलं तेव्हा काका म्हणाले, "अगं, या भाड्यात तिकडच्या लहान शहरात दुकानासकट घर मिळतं. यंत्र घेऊन जाऊ आणि सुटू."

जायचं ठरलं. प्रश्न होता तो नेणार कोण याचा.

पहिल्या कंपनीच्या फोनवर गोड आवाजाची मुलगी होती. "मॅडम, सामानाचे फोटो पाठवा." काकूंनी यंत्राचा फोटो पाठवला. उत्तर आलं, 'शिलाई मशीनला वेगळा आकार पडणार नाही.' काकूंनी तो नंबरच पुसून टाकला.

दुसरा आला तो न बोलावताच. चौकातल्या हमालांचा मुकादम. खुर्ची ओढून बसला, यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "वहिनी, माझी चार माणसं धरतील आणि खाली आणतील. कशाला डोक्याला ताप?"

"आतला दांडा केसभर जरी वाकला, तरी काच वाकडी निघते."

"लोखंड कधी वाकतं होय?" म्हणत तो हसला.

तिसरी टेम्पोवाली. तिची आणि तिच्या धाकट्या भावाची छोटीशी कंपनी. टेम्पो एक आणि माणसं दोन. भाऊ तिशीतला, इतका उंच की दारातून वाकूनच आत आला. बहीण त्याला लांबूच म्हणायची. टेम्पोवाली जमिनीवर पोटावर झोपली आणि यंत्राच्या खालून डोकावली. "काकू, तेल कुठून काढता?" मग तिने यंत्राच्या मापाचा पुठ्ठा कापला, तो धरून अख्खा जिना उतरली आणि धापा टाकत वर आली. "दुसऱ्या वळणावर अडतंय. तेवढा कठडा काढावा लागेल."

"हिलाच द्यायचं," काकू म्हणाल्या.

मुकादमाला नकार कळवायला काका स्वतः गेले. काका भला माणूस, त्यांना वाटलं, तोंडावर सांगितलेलं बरं. मुकादमाने ऐकून घेतलं. म्हणाला, "या गल्लीतलं सामान बाहेरचा कोण उतरवतो तेच बघतो." काका घरी आले. काकूंनी विचारलं, "काय म्हणाला?"

"ठीक आहे म्हणाला," काका म्हणाले.

ठरलेल्या दिवशी सकाळी दहापर्यंत कपाटं, गाद्या, भांडी टेम्पोत चढली. मग यंत्र. लांबूने पट्टे खांद्यावर घेतले आणि खालच्या बाजूने अंगावर भार घेतला. टेम्पोवालीने वरच्या खांबाला दोर गुंडाळून दोन्ही हातांनी धरला. काका लांबूच्या खाली, पायऱ्यांवर फळ्या टाकत. काकू सगळ्यांच्या मागे, हातात डबा घेऊन. डब्यात काच घासायचा लगदा होता, कुरुंद दगडाची बारीक भुकटी पाण्यात कालवलेली. सांडू नये म्हणून तो त्या स्वतः नेणार होत्या.

यंत्र दुसऱ्या वळणावरून खाली सरकलं आणि रस्त्यावर काच फुटल्याचा आवाज झाला. टेम्पोची पुढची काच.

"कोण आहे रे?" टेम्पोवाली ओरडली. दोर सोडून जाणं शक्य नव्हतं.

तिघं जिना चढून आले. पुढच्याने काकांना छातीत ढकललं. त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं आणि ते पायऱ्यांवर कोसळले, बरोब्बर यंत्राच्या खाली. तिघांत शेवटचा मुकादम होता, हातात सळई.

"खाली ठेव ते."

"ठेवता येत नाही," लांबू म्हणाला. "खाली काका आहेत."

मुकादमाने त्याच्या गुडघ्यावर सळई हाणली. लांबू अर्धा वाकला, पण पट्टे सोडले नाहीत. दुसरा घाव पकडीवर बसला आणि दोन बोटं चेचली. वर दोर सरसर सरकला, टेम्पोवालीच्या तळहातांची सालटी निघाली. "लांब्या, धर! धर रे!" ती किंचाळत होती.

कठडा काढलेल्या जागेतून काकूंना मुकादमाचं डोकं आपल्या बरोबर खाली दिसत होतं. त्याने तिसऱ्यांदा सळई उचलली. काकूंनी हाक मारली, "मुकादम!" त्याने वर पाहिलं. त्यांनी डबा त्याच्या डोळ्यांत ओतला.

त्याची किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. सळई सुटली, घरंगळली. त्याच्या साथीदारांपैकी एक पळाला. दुसरा सळई घ्यायला वाकला, पण यंत्र आणि भिंत यांच्या फटीतून घुसून काकूंनी ती आधी उचलली. एक फटका खांद्यावर, हाड मोडल्याचा आवाज आला. एक पाठीवर. तो खाली पडला, हात वर करून 'नको, नको' म्हणाला. काकूंनी आणखी एक मारला.

"काकू, काका!" लांबू घोगऱ्या आवाजात म्हणाला. तेव्हा कुठे त्या भानावर आल्या. काकांच्या काखेत हात घालून त्यांना बाजूला ओढलं. लांबूने अंग काढून घेतलं, टेम्पोवालीने दोर सोडला आणि यंत्र मुकादम आणि त्या माणसाच्या बाजूने पायऱ्या फोडत खालच्या भिंतीवर जाऊन आदळलं.

मुकादम दोन्ही मुठींनी डोळे चोळत होता. "चोळू नका! हात खाली!" काकू ओरडल्या. बुबुळावर ती भुकटी काय करेल हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? तो ऐकेना. शेवटी त्या त्याच्या छातीवर बसल्या, मनगटं गुडघ्यांखाली दाबली आणि शेजारणीला म्हणाल्या, "दार उघडून नुसती काय बघतेस? पाणी आण." पोलीस येईपर्यंत त्या तांब्यामागून तांब्या त्याच्या डोळ्यांत पाणी ओतत होत्या. तो शिव्या देत होता, रडत होता.

लांबूची दोन बोटं कापावी लागली. काकांना सहा टाके पडले. मुकादमाचा एक डोळा वाचला, दुसऱ्याला नुसता उजेड कळतो.

टाके पडल्यावर काकांनी दवाखान्यातच सांगून टाकलं, "तो मला धमकी देऊन गेला होता. तू घाबरशील म्हणून बोललो नाही." काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत. टेम्पोवालीला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. हातांना पट्ट्या बांधून ती बाकावर बसली होती. "कळलं असतं तर आणखी चार माणसं आणली असती. माझ्या भावाची बोटं आहेत ती, काकू." ती उठली. "आज काकांना माझ्यासमोर आणू नका."

आठव्या दिवशी ती दुसरा ड्रायव्हर आणि सहा माणसं घेऊन आली आणि यंत्रासकट सगळं सामान नव्या शहरात पोचवून गेली. काकांनी हात जोडले. तिने फक्त मान हलवली.

खटला उभा राहिला, त्यात काकूही आरोपी होत्या. त्यांचे वकील त्यांना म्हणाले, "डबा हातातून निसटला म्हणा. इतकंच."

काकू पिंजऱ्यात म्हणाल्या, "निसटला नाही. मी त्याला हाक मारली, त्याने वर पाहावं म्हणून, आणि ओतला. आणि तो दुसरा माणूस नको म्हणत असताना मी त्याला मारलं. एकदा." वकिलांनी कपाळाला हात लावला.

दुपारच्या सुट्टीत त्या बाहेर आल्या तेव्हा बाकावर तोच माणूस होता. त्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. त्याने काकूंकडे पाहिलं आणि डाव्या हाताने आपली पिशवी उचलून जागा केली. काकू बसल्या. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

मुकादमाला चार वर्षं झाली, त्या माणसाला एक. काकूंना न्यायाधीशांनी समज देऊन हमीवर सोडलं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "सुटलो बाई एकदाचे."

"तुम्ही सुटलात," काकू म्हणाल्या आणि बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.