बिराप्पांच्या आठ पट्ट्या

मित्रांनो, मी कार्डिओग्राम काढणारा एक जुना डबा आहे. डॉक्टर मंडळी मला ईसीजी मशीन म्हणतात. पण माण तालुक्यात आल्यापासून सगळे मला डबाच म्हणतात आणि आता मलाही ते नाव आवडायला लागलं आहे. माझ्या अंगातून दहा वायरी निघतात. चार हातापायांना चिमट्यांनी लागतात आणि सहा छातीवर रबरी फुग्यांनी चिकटतात. मग आतलं काळीज कसं चाललंय, त्याची रेघ मी चौकटीच्या गुलाबी कागदावर काढतो. त्या कागदाच्या लांब तुकड्याला इकडे पट्टी म्हणतात.

माझी पहिली नोकरी सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात झाली. दिवसाला तीस तीस पट्ट्या काढायचो. मोठे डॉक्टर माझी पट्टी उजेडात धरून बघायचे आणि मान डोलवायचे. पेशंटचे नातेवाईक माझ्याकडे असे बघायचे, जणू निकाल मीच लावणार आहे. एवढं कौतुक झाल्यावर कुणाच्याही डोक्यात हवा जाईल. माझ्याही गेली. काळजातलं सगळं मला कळतं, असं मी समजून चाललो होतो.

मग एक दिवस रंगीत पडद्याचं नवं मशीन आलं आणि माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. तिथे मी चार वर्षं धूळ खात पडलो. उंदरांनी माझ्या दोन वायरी कुरतडल्या, पण कुणाला पत्ता नव्हता. अखेर भंगारात जायच्या ऐवजी मी कुपवाडला, जुनी मशीनं दुरुस्त करणाऱ्या धनाजींच्या वर्कशॉपमध्ये पोचलो. धनाजींनी मला उघडलं, ब्रशने झाडलं, नव्या वायरी जोडल्या आणि स्वतःच्याच छातीवर माझे फुगे लावून पाहिले. तिथूनच डॉ. चारुशीला मला घेऊन गेल्या. त्या मूळच्या वाईच्या. दहिवडीपासून थोड्या अंतरावर एका गावात त्यांनी दोन खोल्यांचा दवाखाना काढला होता. एसटीत त्यांनी मला शेवटपर्यंत मांडीवर धरलं होतं, हे मी अजून विसरलेलो नाही.

याच दवाखान्यात गेल्या उन्हाळ्यात बिराप्पा पहिल्यांदा आले. पन्नाशी ओलांडलेले, काटक मेंढपाळ. एक हात छातीच्या डाव्या बाजूला घट्ट धरलेला. बरोबर त्यांची बायको, सुलाबाई.

"काय होतंय मामा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दाबल्यावानी हुतंय. कुणीतरी वर बसलंय असं वाटतंय," बिराप्पा म्हणाले. "हात मुंग्या आल्यावानी हुतोय. माझ्या भावाचं असंच झालतं. गेला त्यो."

बाईंनी मला लगेच जोडलं. मी पट्टी काढली. ठोके जरा घाईचे होते, बाकी रेघ चांगली होती. बाईंनी तरीही हयगय केली नाही. त्यांना साताऱ्याला पाठवलं. तिथे त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालवलं, काळजाची सोनोग्राफी केली. पट्ट्यावर चालता चालता बिराप्पांनी विचारलं होतं म्हणे, की एवढं चालून पोचायचं कुठं? सगळे रिपोर्ट चांगले आले. काळीज ठणठणीत होतं.

पण दुखणं थांबलं नाही. पंधरा दिवसांनी बिराप्पा पुन्हा हजर. मी पुन्हा पट्टी काढली, पुन्हा चांगली. ती हातात घेतली की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. पट्टी घडी करून पिशवीत ठेवायचे आणि आठ-दहा दिवस बरे जायचे. मग पुन्हा ती कळ आणि पुन्हा मी. असं करत दसऱ्यापर्यंत आठ पट्ट्या झाल्या. जाताना ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "ह्यो डबा हाय म्हणून मी हाय."

खरं सांगतो मित्रांनो, मला ते फार गोड लागायचं. मला वाटायचं, मीच यांना जगवतोय.

सुलाबाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. दिवाळी झाली की त्यांच्या मेंढ्या पश्चिमेला, नदीकाठच्या हिरव्या रानात न्यायच्या असतात. सहा महिने तिकडेच मुक्काम. माणातल्या वाळलेल्या रानावर सव्वाशे मेंढ्या उन्हाळा काढू शकत नाहीत. मुलगा पप्पू मुंबईला टेम्पो चालवतो. एकट्या सुलाबाईंना एवढा कळप नेणं जमणार नव्हतं. आणि बिराप्पा तर म्हणत होते, "मी डबा सोडून कुठं जाणार न्हाई. मेंढरं इकून टाकू." आजोबांच्या वेळेपासूनचा कळप होता तो. सुलाबाई एकदा आमच्या दवाखान्यातल्या नर्स मंगलजवळ बसून रडल्या. म्हणाल्या, "मेंढरं गेल्यावर ह्या माणसाचं काय ऱ्हाणार हाय?"

दसऱ्यानंतर चार दिवसांनी, भर दुपारी, बिराप्पा नवव्यांदा आले. घामाघूम झालेले, हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी पहिली पट्टी काढून बाईंसमोर धरली.

"बाई, बघा. माझी रेघ निम्मी पुसली. काळीज बंद पडत चाललंय माझं."

सुलाबाई मागून धापा टाकत आल्या आणि दारातच बसल्या. "आवं, जीप यायच्या आदीच निगालं ह्ये. खिंड चढून आलं. मला पळाया लावलं."

बाईंनी पट्टी खिडकीपाशी नेली. मग हळूच म्हणाल्या, "मामा, काळीज नाही, कागद पुसट झालाय. दुकानातली छापील पावती चार महिन्यांनी कोरी होते ना, तसा हा कागद असतो. प्लॅस्टिकमध्ये आणि उन्हात तर लवकरच रेघ उडते. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

तो दोष खरं तर माझाच होता. शरमेने मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"असंल," बिराप्पा म्हणाले, "पर एक डाव लावा. आता दुखतंय." आणि ते सवयीने टेबलावर आडवे झाले. मंगलने माझं कापड काढलं. बाईंनी आधी त्यांचा रक्तदाब घेतला, स्टेथोस्कोपने बराच वेळ छाती ऐकली. मग माझ्याकडे आल्या आणि कापड पुन्हा माझ्यावर घातलं. माझा फार अपमान झाला. मंगलही बघत राहिली.

"खिंड चढताना दुखलं का, मामा?"

"न्हाई. तवा न्हाई."

"कधी सुरू झालं?"

"हितं आल्यावर. बसल्यावर."

बाई स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "मला एक सांगा. लांडग्याचा वास आला, की मेंढी काय करते?"

आता हा त्यांच्या घरचा विषय. "कान ताट करती. अंग आखडून घेती. बरगड्या नुसत्या भात्यावानी हलत्यात. काळीज असं उडतंय, की हाताला लागतंय."

"आणि लांडगा निघून गेला तरी?"

"एखादी लय भ्यालेली आसती. नुसतं पान हाललं तरी तिला तसंच हुतंय."

"तिचं काळीज बिघडलेलं असतं का?"

"न्हाई. भ्यालेली आसती."

"तसंच तुमचं झालंय. काळजाचं दुखणं असतं, तर खिंड चढतानाच कळ आली असती. दुखतंय ते खोटं नाही. भीतीने छातीचे स्नायू आवळतात, श्वास वरच्यावर चालतो, म्हणून कळ येते, मुंग्या येतात. अशा मेंढीला तुम्ही काय करता?"

"जवळ बसतो. हात ठेवतो अंगावर."

"कुणाचा वास आला होता, मामा? तुमच्या भावाचं काय झालं होतं?"

सुलाबाई दारातून उठून जवळ आल्या. बिराप्पा छताकडे बघत बोलू लागले.

"नाथाजीदादा रानात मेंढरं वळत हुता. म्हणला, छातीत दुखतंय. मला वाटलं, वात झालाय. मी ओवा दिला. पाणी दिलं. म्हणलं, झोप जरा. त्यो झोपला बाई. मी तिकडं मेंढरांना पाणी पाजत बसलो." त्यांचे ओठ हलत राहिले. "मी ओवा दिला त्याला."

"मला कवा सांगितलं न्हाईसा," सुलाबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून बसल्या. बिराप्पा रडले. चांगले दणदणीत रडले.

मित्रांनो, माझ्या दहा वायरी आठ वेळा त्या माणसाला चिकटल्या होत्या. आठ वेळा मी त्यांच्या काळजाच्या इतका जवळ होतो. या ओव्याचा मला पत्ताही नव्हता. त्या दुपारी माझी सगळी हवा उतरली.

लगेच सगळं नीट झालं, असं मात्र नाही. बाईंनी त्यांना पोटावर हात ठेवून सावकाश श्वास सोडायला शिकवलं. दर आठवड्याला गप्पा मारायला बोलावलं, साताऱ्याच्या मनाच्या डॉक्टरांकडेही एकदा नेलं. कळ यायची, पण ती आली की ते दवाखान्याकडे धावत सुटत नसत. मला कुणी हात लावत नसे. मला चुकल्यासारखं व्हायचं, हे कबूल करतो.

दिवाळीनंतरच्या चौथ्या दिवशी दवाखान्यासमोरचा रस्ता मेंढ्यांनी भरून गेला. घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं होतं. बिराप्पा काठी घेऊन दारात आले. आता सुलाबाईच घाबरल्या होत्या.

"बाई, जायच्या आदी एक पट्टी काढा ह्यांची," त्या म्हणाल्या. "तिकडं लांब रानात मला घोर लागंल."

बाईंनी बिराप्पांकडे बघितलं. मंगलचा हात माझ्या कापडावर होता. मीही वाट बघत होतो.

"नगं," बिराप्पा म्हणाले. "भ्या वाटतंय, न्हाई असं न्हाई. पर येतंय तर येऊ दे त्ये बी संगं. चल गं, मेंढरं फुडं गेली." आणि ते रस्त्याला लागले.

आता मी पुन्हा कपाटावर असतो, पण धूळ बसत नाही, मंगल रोज पुसते. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरात कुणाच्या छातीत दुखलं तर घरगुती उपाय करत बसू नका, आधी त्याला माझ्याकडे आणा. त्यासाठी मी कितीही जुना झालो तरी तयार आहे. आणि माझी पट्टी चांगली आली, तरी "तुला काही झालेलं नाही, ऊठ" असं त्याला म्हणू नका. त्याच्याजवळ थोडं बसा. बिराप्पांना मी आठ वेळा 'सगळं ठीक' असं लिहून दिलं, आणि आठही वेळा त्यांना खरंच दुखत होतं.