पन्नासची चाल

पडद्यावर विजेची वारंवारता ४९.९९ दिसली, मग ५०.०१, त्यापलीकडे ती ढळली नाही. रुपालीनं मुद्दाम वडिलांना, येडूआबांना, ती काम करत असलेल्या पवनचक्क्यांच्या नियंत्रण कक्षात आणलं होतं. चक्की वाऱ्याशी झुंजेल आणि मोडून मेंढरांवर पडेल, या भीतीनं आबा वर्षभर चक्कीसाठी आपला माळ द्यायचं टाळत होते.

वाऱ्याचा झोत आला. पात्यांच्या मिनिटाच्या फेऱ्या अकरावरून चौदावर गेल्या. पन्नास जागच्या जागी.

"आडवलं न्हाईस व्हय गं तिला?"

"न्हाय आबा. वाऱ्यासंगं पळू देतो. भाईर जाणारी वीज तेवढी एका चालीत ठेवतो."

आबा पडद्याजवळ सरकले. "वादळात मेंढरं आमी अशीच राखतो की. आडवली तर चेंगरत्यात."

त्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं.

"उबी कर आपल्या माळावर."