डिकेमालीचं वर्तुळ

जंतूंच्या ताटलीत राळेच्या कागदी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ चौदा मिलिमीटर भरलं. पट्टी फिरवून पुन्हा मोजलं, तेवढंच. शेजारच्या चकतीवर राळ विरघळवायला घेतलेलं नुसतं अल्कोहोल होतं. तिच्या कडेपर्यंत जंतू दाट वाढले होते. म्हणजे वर्तुळ डिकेमालीच्या राळेमुळेच पडलं होतं.

एरवी मी विद्यार्थ्यांना हाका मारून दाखवलं असतं. पण हे जंतू माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या पायातले होते आणि राळ त्यांनीच माहूरहून आणलेली. साखरेच्या आजारानं त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. तो काढा, नाहीतर पाऊल जाईल, असं डॉक्टर दसऱ्यापासून सांगत होते. आता दिवाळीही उरकली होती. अण्णा रोज अंगठ्याला राळ लावत आणि म्हणत, "आधी आमच्या मालूला तपासू द्या." मालू म्हणजे मी. लातूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते.

शनिवारी नांदेडला गेले. अण्णा स्टुलावर पाय ठेवून बसले होते. खोलीभर डिकेमालीचा उग्र वास.

"ताटली कुठंय?"

"जंतू बसमधून हिंडवत नसतात, अण्णा. फोटो आणलाय."

"माझेच जंतू, अन् मलाच बघायची चोरी!"

चष्मा लावून त्यांनी फोटो मोठा केला. "चौदा? लई झालं की गं! त्या डॉक्टरला पाठव आधी."

मी खाली बसले. अंगठ्यावर बोट दाबलं.

"कळतंय?"

"न्हाई."

"ताटलीत राळ जंतूंपर्यंत पोचते. इथं ती वरच राहते. आत तर रक्तसुद्धा पोचत नाही, अण्णा."

सगळी नोकरी अण्णांनी शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीत अनुमान नसेल तर ते सही करत नसत. माझ्याही वहीवर केली नव्हती.

"निरीक्षण झालं," ते म्हणाले. "अनुमान?"

कोमट पाण्यात फडकं बुडवून मी त्यांच्या बोटांच्या बेचक्यातली पिवळी राळ पुसत राहिले. ती सहज सुटत नव्हती. थोड्या वेळानं त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला.

"रडून काय राहिलीस? राळ चांगलीच आहे. तसं लिही." मग पायाकडे बघत त्यांनी घसा साफ केला. "अन् अंगठा काढायचा. सोमवारीच जाऊ."