कंटेनरला कुंकू

"मध्ययुगातल्या व्यापारी श्रेणी नसत्या, तर मानवी संस्कृती उपाशी मेली असती," असं सूर्यकांत नगरकरांनी एका शुक्रवारी सकाळी, शारजातल्या आपल्या फ्लॅटमध्ये, खणखणीत आवाजात जाहीर केलं. त्या वेळी त्यांच्या कमरेला पंचा होता, तोंडाला साबण होता आणि बिल्डिंगच्या टाकीतलं पाणी संपलेलं होतं. त्यांच्या बायकोनं, शोभनानं, न्हाणीघराच्या दारातून पिण्याच्या पाण्याची बाटली आत सरकवली. संस्कृतीच्या वारसानं त्या पाण्यानं तोंड धुतलं आणि भाषणाची तालीम पुढं चालू झाली.

नगरकर पोहे, साबुदाणा आणि शेंगदाण्याचे घाऊक व्यापारी. कधीतरी सुट्टीवर गेले असताना मुंबईच्या फुटपाथवर त्यांना जुन्या व्यापारी संघांवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं आणि माणूस बिघडला. शारजा-दुबईतल्या मराठी किराणा व्यापाऱ्यांचं एक साधंसुधं मंडळ होतं, त्याचं नाव यांनी 'श्रेणी' केलं. स्वतः अध्यक्ष होते, ते 'श्रेष्ठी' झाले. कर्नाटकातल्या ऐहोळेचे 'पाचशे स्वामी' नावाचे जुने व्यापारी समुद्रापलीकडं व्यापार करत, त्यांची परंपरा आपण चालवतो, असं ते प्रत्येक सभेत सांगत. सभेला सात-आठ जण असत, त्यातले दोघे जेवणाच्या वेळेला येत.

नावाचं हसू आलं तरी कामाचं येत नसे. न्हावाशेवाहून आख्खा कंटेनर एकट्यानं मागवणं कुणालाच परवडत नव्हतं. सगळे मिळून एक भरत आणि ज्याची श्रेणीत गादी, त्यालाच त्यात जागा. गादी नसेल त्याचं दुकान म्हणजे रिकामी फळी. गादीवाला वारला, की त्याच्या मुलाच्या नाहीतर भावाच्या डोक्यावर भरसभेत पगडी ठेवायची, अशी रीत होती. आणि दुसरी रीत अशी, की कंटेनर आला की एका सवाष्णीनं त्याच्या दाराला हळदकुंकू लावायचं, ओवाळायचं, मगच सील तोडायचं. ही दुसरी रीत कुठल्याही पुस्तकात नव्हती. एकदा पूजा न करता उघडलेल्या कंटेनरमधला साबुदाणा किडका निघाला होता. तो भर उन्हाळ्यात बंदरावर पडून राहिल्यामुळं किडला होता, पण तसं कबूल केलं असतं तर कागदपत्रं वेळेवर न पाठवणाऱ्या श्रेष्ठींवर आलं असतं. त्यापेक्षा रीत बरी.

ही पूजा पहिल्यापासून शोभना करायची. शेजारी निरांजन धरून सविता डहाणूकर उभी असायची.

सविताचा नवरा बापू शारजातल्याच रोल्ला भागात मसाल्याचं दुकान चालवायचा, म्हणजे गल्ल्यावर बसून जगाच्या गप्पा मारायचा. मिरच्या निवडणं, भाजणं, कुटून घेणं, गिऱ्हाइकाचा हात ओळखून तिखट कमीजास्त करणं हे सगळं सविताचं. त्या उन्हाळ्यात, सन अठ्ठ्याण्णवच्या, बापू बोलता बोलता गल्ल्यावरच कोसळला. तेराव्यानंतर सविता भीतभीत दुकानाच्या अरबाबाकडं, म्हणजे ज्याच्या नावानं लायसन्स होतं त्या अरबी मालकाकडं गेली. त्यानं चहा मागवला, बापूसाठी दोन वाक्यं दुःखाची बोलला आणि मग म्हणाला, मदामच चालवत होती ना, मग मदाम चालवेल. दुकानाच्या नावावर व्हिसा करून देतो. खलास. चहा निवायच्या आत काम झालं. सविता तिथं रडली ती कृतज्ञतेनं. परक्या माणसानं इतक्या पटकन हो म्हटलं, तर आपली माणसं काय नाही म्हणणार, असं तिला वाटलं. तिचं माणसांचं ज्ञान तेवढं कच्चं होतं.

आपली माणसं त्या शुक्रवारी संध्याकाळी नगरकरांच्या हॉलमध्ये जमणार होती. दुपारी जेवताना नववीतल्या ईश्वरीनं वडिलांचं पुस्तक वाचता वाचता मान वर केली.

"बाबा, धिस इज इंटरेस्टिंग. युरोपमध्ये मेनी गिल्ड्समध्ये विडोज कुड रन द वर्कशॉप. युवर ओन बुक सेज सो."

"ते युरोपात," सूर्यकांत म्हणाले. "तिकडं थंडी असते."

"सो?"

"आधी तो भात संपव."

शोभनाला हसू आलं आणि लगेच गेलंही. नवरात्रात तिनं घरी हळदीकुंकू केलं होतं. एकेकीला फोन लावताना सविताच्या नंबरपाशी तिचं बोट थांबलं होतं आणि पुढच्या नंबरवर गेलं होतं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी सांगावं लागत नाही, हीच तर त्या रीतीची खुबी.

संध्याकाळी सविता साध्या करड्या साडीत आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली. बापूचा धाकटा भाऊ प्रसन्न आधीच सोफ्यावर होता. तो अजमानला एसीच्या डक्टचं काम करायचा. मसाल्यातलं त्याला एवढंच कळे, की तो शिंकायला लावतो. पण तो भाऊ होता, आणि गादीला तेवढं पुरत होतं.

सूर्यकांतांनी ऐहोळेपासून सुरुवात करून विषय हळूहळू रोल्लापर्यंत आणला. वहिनींचं दुःख श्रेणीचं दुःख आहे, वहिनींनी आता धावपळ करू नये, चिपळूणला सासरी जावं, विश्रांती घ्यावी, गादी प्रसन्ननं सांभाळावी, असं सगळं ते इतक्या गोड आवाजात बोलले, की दोन सभासदांच्या डोळ्यांत पाणी आलं. सविताच्या आलं नाही.

"मला विश्रांती नको, भाऊ," ती म्हणाली. "मला मिरच्या हव्यात. बापूंनीच सांगून ठेवलेला माल येतोय, तो माझ्या दुकानात उतरवा. अरबाब हो म्हणालाय, गिऱ्हाईक हो म्हणतंय. तुम्हालाच काय अडचण आहे?"

कुणीतरी खाकरलं. एकानं समजुतीच्या सुरात विचारलं, पगडी कशी ठेवायची हो बाईच्या डोक्यावर?

"नका ठेवू. टेबलावर ठेवा."

"वहिनी, मी आहे ना," प्रसन्न म्हणाला. "तुम्ही टेन्शन नका घेऊ. रेसिपी तेवढी लिहून द्या."

सवितानं शोभनाकडं पाहिलं. शोभना चहाचा ट्रे घेऊन उभी होती. काहीतरी बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं. ते, "साखर घालू का?" असं बाहेर पडलं.

पगडी त्याच सभेत प्रसन्नच्या डोक्यावर गेली. कंटेनर दिवाळीच्या आधी आला. अजमानच्या औद्योगिक भागात श्रेणीचं पत्र्याचं गोदाम होतं, त्याच्यासमोर ट्रेलर उभा राहिला. ऑक्टोबर असला तरी ऊन चांगलंच सणकून होतं. हमदुल्ला नावाचा पठाण ड्रायव्हर टायरच्या सावलीत बसून होता. त्याला ट्रेलर संध्याकाळच्या आत परत करायचा होता, पण हिंदुस्थानी लोक लोखंडाची शादी लावल्याशिवाय दरवाजा उघडत नाहीत, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

बायका जरीच्या साड्या नेसून आल्या होत्या. शोभनाच्या हातात तबक होतं. सविताही आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायचा धीरही कुणाला होत नव्हता. ती लांब, फोर्कलिफ्टच्या पलीकडं उन्हात उभी होती. सावली सगळी सवाष्णींकडं होती.

"चला, यल्ला," सूर्यकांत म्हणाले. "मुहूर्त जातोय."

शोभना पुढं गेली. लोखंडी दार गंजलेलं होतं. वाटेत कुठल्यातरी पक्ष्यानं त्यावर आपली खूण केली होती. ह्या दाराला कुंकू चालतं, तिनं मनाशी म्हटलं. ह्याला कुणी विचारत नाही, की तुझं कोण मेलं, तुझं कोण आहे. तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि तसंच तबकावर धरून ठेवलं.

"सविताची पोती सविताच्या दुकानात जातील म्हणा," ती म्हणाली. "मग लावते."

सूर्यकांत आधी हसले, कारण हसणं सोपं होतं. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, की घरी बोलू, इथं तमाशा नको, लोक बघतायत.

"बघू देत. मी त्या दिवशी चहा देत उभी राहिले, तेही बघितलंच त्यांनी."

"शोभना, ही सवाष्णीची पूजा आहे. पोत्यांचा काय संबंध?"

"मग मला सवाष्ण मोजू नका."

अध्यक्ष महाराज हयात होते, घामानं निथळत समोर उभे होते आणि त्यांच्या बायकोनं त्यांना भर दुपारी, सभासदांच्या साक्षीनं, हिशेबातून वजा केलं होतं. एक बाई "अगंबाई" म्हणून मागं सरकली. सूर्यकांतांनी खजिनदाराच्या बायकोकडं, अनुपमाकडं, पाहिलं. अनुपमानं एक पाऊल पुढं टाकलं, सविताकडं पाहिलं, मग आपल्या नवऱ्याकडं पाहिलं. त्याला ब्लडप्रेशर होतं. ती जागच्या जागी थांबली आणि पदर सावरत म्हणाली, की तिचं डोकं दुखतंय. मग एकेकीचं दुखू लागलं.

अर्धी लढाई जिंकली, असं शोभनाला वाटलं.

सूर्यकांतांनी क्षणभर विचार केला. पुस्तकी माणूस असले तरी ते मुळात व्यापारी होते. त्यांनी टायरच्या सावलीकडं वळून हाक मारली, "हमदुल्ला, काटो."

हमदुल्ला उठला, मोठी कात्री आणली आणि एका दणक्यात सील तोडलं. दार करकरत उघडलं. आतून मिरच्यांचा, हळदीचा, गोणपाटाचा उबट वास आला. आभाळ कोसळलं नाही. साबुदाणा पांढराशुभ्र होता. इतकी वर्षं जिच्यावाचून पान हलत नव्हतं ती रीत अडचणीची होताच मोडली गेली आणि कुणी डोळे पुसायलाही थांबलं नाही. सविताला बाहेर ठेवणारी रीत मात्र तिथंच ठाम उभी होती. त्या रीतीमुळं कुणाचीच अडचण होत नव्हती.

हमाल पोती उतरवू लागले. बापूच्या मिरच्या प्रसन्नच्या पिकअपमध्ये चढल्या. त्यानं दोऱ्या आवळल्या आणि सविताजवळ येऊन अदबीनं विचारलं, की वहिनी, रोल्लाला सोडू का, पुढं जागा आहे. सविता नको म्हणाली. पिकअप निघून गेला. धुरळा बसेपर्यंत ती त्या दिशेनं पाहत राहिली. तिच्या व्हिसाचं आता काय होणार, हे तिला कळलं होतं. रिकाम्या दुकानावर अरबाब तरी किती दिवस कागद करून देणार?

शोभना तबक खाली ठेवून तिच्याकडं गेली. दोघी उन्हात शेजारी उभ्या राहिल्या. माफी मागावी तर नवरात्रापासून मागावी लागली असती.

"ताई, इथं टॅक्सी मिळत नाही," अखेर सविता म्हणाली. "तुमच्या गाडीतून जाऊ या?"

शोभनानं मान हलवली. मग तिला आठवलं, की गाडी तिची नव्हती आणि चालवता तर तिला मुळीच येत नव्हती. शाबूची पोती मोजून घेत असलेल्या सूर्यकांतांच्या मागं ती जाऊन उभी राहिली. बोटावरचं कुंकू तिनं पदराच्या आतल्या बाजूला पुसलं.

"अहो," ती म्हणाली, "आम्हाला जरा रोल्लापर्यंत सोडता का?"