मागच्या दोन बॅटऱ्या

चार्जरवरचा लाल दिवा जाऊन हिरवा लागला, तसा हिस्केनं हातातला कॉफीचा पेला बाकावर ठेवला.

"भरल्या?"

"भरल्या म्हणतोय," वोबे म्हणाला.

"म्हणजे बोट धडधाकट आहे."

 धक्क्याला बांधलेली ती बोट हिस्केच्या नवऱ्याची, सिब्रेनची. नोव्हेंबरातल्या एका दुपारी तो ती घेऊन तळ्यावर गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पलीकडच्या दगडी बांधाला घासत असलेली सापडली, आणि सिब्रेन त्यानंतर, लव्हाळ्यात. पोलिसांनी बोटीची किल्ली फिरवली. मोटर लगेच सुरू झाली. बोटीत बिघाड नाही, एवढंच ते म्हणाले आणि पुढचं गावानं मनातल्या मनात जोडून घेतलं. गायी विकल्यापासून सिब्रेन गप्पगप्प असायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंत्यविधीला लोक हिस्केचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवत होते.

आज सकाळी ती वोबेच्या बोटदुरुस्तीच्या शेडमध्ये आली होती ती एकच गोष्ट विचारायला. कोट न काढताच तिनं विचारलं होतं, "बोट बंद पडली, की त्यानं बंद केली? एवढंच मला सांग."

वोबेचं उभं आयुष्य मालवाहू बोटींच्या डिझेल इंजिनांत गेलं होतं. तळ्यावर विजेच्या बोटी आल्या तेव्हा पन्नाशीत तो पुन्हा शिकायला बसला. शेडच्या वरच्या खोलीत एकटाच राहायचा, कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. पण हिस्केचा प्रश्न त्याच्या ओळखीचा होता. तो लहान असताना त्याचे वडील घरामागच्या कालव्यात बुडून गेले होते. पाय घसरला, असं आई म्हणाली. पाऊस नव्हता, काठ कोरडा होता. त्यानं आणि बहिणीनं कधी विचारलं नाही, आणि आई ते एकच वाक्य शेवटपर्यंत सांभाळत राहिली.

"दिव्यावर जाऊ नकोस," तो आता म्हणाला. "तो आठही बॅटऱ्यांची मिळून बेरीज बघतो. एकेकीचं त्याला काही कळत नाही."

दोघांनी कॉफी संपवली. बॅटऱ्या जरा निवल्यावर वोबेनं बोटीच्या तळाच्या फळ्या उचलल्या आणि मीटर घेऊन एकेक बॅटरी तपासायला लागला. पुढच्या सहा तुडुंब भरलेल्या होत्या. भरल्यावरही चार्ज होत राहून त्यांच्यातलं पाणी उकळून खाली गेलं होतं. मागच्या दोन मात्र अर्ध्यासुद्धा भरलेल्या नव्हत्या. सहांच्या जोरावर बेरीज जमत होती आणि चार्जर काम झालं म्हणून थांबत होता.

मग त्यानं बोट दोरांनी धक्क्याला घट्ट आवळली आणि मोटर चालू केली. मागे पाणी खळबळू लागलं. हिस्के पुढच्या बाकावर कोटात हात घालून बसली होती. वोबेनं मीटर मागच्या दोन बॅटऱ्यांना लावला. आकडा थोडा वेळ टिकला, मग उतरू लागला, मग एकदम कोसळला. मोटर थांबली.

"का बंद केलीस?"

"मी हात लावला नाही. बॅटऱ्या ढासळल्या की मोटर आपली आपणच बंद पडते."

तो तिच्यासमोर येऊन बसला.  बराच वेळ गेल्यावर त्यानं तिलाच किल्ली फिरवायला सांगितली. तिनं सुकाणूपाशी येऊन ती फिरवली. मोटर पुन्हा सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

"थोडी विश्रांती मिळाली की त्या जरा सावरतात," वोबे म्हणाला. "पोलिसांना सकाळी हेच दिसलं. तळ्याच्या मध्यावर ती बंद पडली असणार. उत्तरेचा वारा होता. बांधावर आपटू नये म्हणून तो बांबू घेऊन उभा राहिला असेल आणि तोल गेला असेल."

हिस्के वाकली, कपाळ सुकाणूच्या चाकाला टेकवलं आणि रडली. अंत्यविधीत ती रडली नव्हती. वोबे पाण्याकडे बघत राहिला.

शेवटी तोंड पुसून तिनं विचारलं, "पण याच दोन का?"

ते त्यानं फळ्या उचलल्या तेव्हाच पाहिलं होतं. फक्त त्या दोन बॅटऱ्यांना दोन बारीक वायरी जोडलेल्या होत्या, सिब्रेनच्या हातच्या, नीटनेटक्या, ठिकठिकाणी बांधलेल्या. त्या फळ्यांखालून पुढच्या बाकापर्यंत गेल्या होत्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर हिस्केला गारठा सोसत नव्हता. उन्हाळा संपता संपता सिब्रेननं तिच्या जागेवर विजेवर तापणारी गादी बसवली, आणि सगळा शरद ऋतू ती त्याच्याबरोबर तळ्यावर गेली होती.

जुन्या झाल्या होत्या, एवढं म्हटलं असतं तरी तिला पटलं असतं. वाक्य वोबेच्या ओठांवर आलंही, आणि ते त्याला आईच्या आवाजात ऐकू आलं.

"गादीची वायर," तो म्हणाला. "ती फक्त या दोघींवर चालायची. रोज त्या थोड्या मागे पडत गेल्या."

हिस्केनं हात कोटातून काढून मांडीवर ठेवले.

"त्याला माहीत होतं?"

"नाही. माहीत असतं तर जोडली नसती. ही चूक खूप जण करतात."

"थंडी वाजते म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते."

"हो."

"त्या दिवशीही तो चल म्हणाला. मी म्हटलं, वारा आहे."

तुझा काय दोष, असं म्हणावं असं वोबेला वाटलं. पण तो नुसता तिच्याशेजारी जाऊन बसला. बोट जरा एका बाजूला कलली. अंधारून येईपर्यंत ती दोघं तिथंच होती.

शनिवारी पुलाजवळ मासेवाल्याच्या गाडीपुढे रांग होती. हिस्के पुढे, वोबे शेवटी. अंत्यविधीनंतर ती पहिल्यांदाच गावात आलेली. कुणीतरी चाचरत बोटीबद्दल विचारलं. हिस्के मागे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"बॅटऱ्या गेल्या होत्या. माझ्या गादीपायी गेल्या. मला थंडी वाजते म्हणून त्यानं बसवली होती. सिब्रेन परत यायला निघाला होता."

कढईत तेल चुरचुरत होतं. मासेवाल्यानं पुडकं बांधून तिच्या हातात दिलं. ती पुलाकडे चालू लागली, ऑपरेशनच्या पायावर सावकाश. पण एक मालवाहू बोट येत होती, घंटा वाजली आणि पूल वर उचलला गेला. हिस्केला अडसरापाशी थांबावं लागलं, सगळ्या रांगेकडे पाठ करून.

वोबे रांगेतून बाहेर पडला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. लांबलचक बोट समोरून जात राहिली. मग पूल खाली आला, अडसर उघडला, आणि तिच्या चालीनं चालत दोघं पलीकडे गेली.