चाळीस दवाखान्यांचा सर्व्हर

दचकू नका, औषधांच्या खोलीतली ही घरघर माझी आहे. मी सर्व्हर बोलतोय, म्हणजे संगणकांच्या घराण्यातला थोरला.

मला एका मावशीनं आणि तिच्या भाचीनं सुटे भाग जोडून उभं केलं. मावशी कान तपासणारी, भाची प्रोग्राम लिहिणारी. सीमेपलीकडच्या चाळीस लहान दवाखान्यांतून तान्ह्या बाळांच्या तपासण्या माझ्याकडे यायच्या. कोणत्या बाळाला नीट ऐकू येत नाही, हे मी तिथल्या तिथे कळवायचो. तिकडे कानाचे डॉक्टर मोजकेच, त्यामुळे माझा रुबाब मोठा!

मग तिकडे नियम झाला : रुग्णांची माहिती देशाबाहेर जाता कामा नये. एका पत्रानं आमचं काम थांबलं.

"आपण काय चोर आहोत?" भाची फणफणली.

"आपण नाही गं. पण त्यांच्या लेकरांची माहिती त्यांच्या घरात राहिली, तर बिघडलं कुठे?"

"मोठ्या कंपन्या तिथे सर्व्हर ठेवायला इमारती बांधतील, मावशी. आपण काय बांधणार?"

मावशीनं माझ्या पाठीवर थाप मारली. "बांधायचं कशाला? यालाच तिकडे धाडू."

माझ्यातली जुनी माहिती पुसून, जुन्या स्वेटरांत गुंडाळून मला सीमेपलीकडे, त्या चाळिसांतल्या इथल्या दवाखान्यात पाठवलं. इथल्या नर्सबाईंनी मला औषधांच्या खोलीत जागा दिली. परवानगीसाठी सरकारी तपासनीस आले आणि त्यांनी माझ्यात लिहिलेल्या सूचना वाचल्या.

"रोज संध्याकाळी सहाला हा माहितीची प्रत कुठे पाठवणार आहे?"

मी गारठलो. प्रत्येक गोष्टीची एक प्रत स्वतःच्या घरी, म्हणजे सीमेपार, ठेवायची भाचीची सवय! ती सूचना माझ्यात तशीच राहिली होती. आता परवानगी गेलीच.

भाची फोनवर होती. तिनं सबबी सांगितल्या नाहीत. "चूक माझी. ती सूचना तुमच्यासमोर पुसून घेते. पण दुसरी प्रत हवीच, हा बंद पडला तर सगळं जाईल."

"मग ती शेजारच्या गावातल्या दवाखान्यात ठेवा की," नर्सबाई म्हणाल्या. "तोही आमच्याच देशात आहे."

तपासनिसांनी सही केली.

नियम करणाऱ्यांनो, माहिती घरात ठेवा, जरूर ठेवा. पण छोट्यांना आत यायला वाट सोडा. दरवेळी माझ्यासारखी पेटी उचलून पाठवणारी मावशी कुठून आणाल?

आज सकाळी एका बाळाला कमी ऐकू येतं, हे मी ओळखलं. आई रडवेली झाली.

"वेळेत कळलंय, कानाचं यंत्र लावलं की ऐकेल," नर्सबाई म्हणाल्या.

"पण हे सांगितलं कुणी? परदेशातल्या डॉक्टरांनी?"

"छे हो," नर्सबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, "हा आमचाच आहे."